रक्त आणि घड्याळ

वाचकहो, रस्त्यावर अपघात झाला की काय होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. गर्दी जमते. कोणी धावत जाऊन तांब्याभर पाणी आणतो आणि जखमीच्या तोंडात ओततो. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी हळद शोधतो. एखादा शहाणा मागून बजावतो, "हात लावू नका, पोलीस केस आहे!" या माणसांच्या मनात कळवळा नसतो असे मुळीच नाही. उणीव असते ती एवढीच, की यातले उपयोगाचे काय आणि घातक काय हे कोणाला ठाऊक नसते.

पण या गर्दीला हसण्याचे कारण नाही. मोठमोठ्या लष्करांबरोबर हिंडलेले, राजांच्या पदरी असलेले, विद्यापीठांत शिकवणारे शस्त्रवैद्यदेखील शेकडो वर्षे हेच करीत आले. तेही कळवळ्याने आणि पुऱ्या विश्वासाने जखमी माणसाचे नुकसान करीत होते. ते नुकसान ध्यानात कसे आले, याची हकीकत मोठी विलक्षण आहे.

सुरुवात इ. स. १५३७ पासून करू. फ्रान्सचे सैन्य इटलीत तुरीनच्या मोहिमेवर गेले होते. त्यात आंब्रुआझ पारे नावाचा एक तरुण शस्त्रवैद्य होता. शस्त्रवैद्य म्हणजे आजच्यासारखा पदवीधर सर्जन नव्हे, बरं का! त्या काळच्या युरोपात कापाकापी हे न्हाव्याचे काम. लॅटिन शिकलेले वैद्य ग्रंथ वाचीत, नाडी पाहात; रक्तात हात घालणे त्यांना कमीपणाचे वाटे. पारे हा अशा न्हावी-शस्त्रवैद्यांपैकी एक. त्याला लॅटिन येत नव्हते.

बंदूक तेव्हा नवीन होती आणि गोळीच्या जखमेबद्दल पंडितांचे मत ठाम होते. बंदुकीच्या दारूने जखमेत विष भिनते, ते जाळून टाकण्यासाठी उकळते तेल जखमेत ओतावे, असे ग्रंथात लिहिलेले. पारेनेही तसेच केले. पुढे जखमी इतके झाले, की तेल संपले. आता काय करायचे? उरलेल्यांसाठी त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन कालवून एक लेप केला आणि तो जखमांवर लावला. त्या रात्री त्याला झोप आली नाही. तेल न मिळालेली माणसे सकाळी विषाने मरून पडलेली दिसणार, ही धास्ती. पहाटे उठून तो पाहायला गेला. लेप लावलेले शिपाई बऱ्यापैकी झोपले होते. त्यांना वेदना थोडी, सूजही नाही. ज्यांना शास्त्रोक्त तेल मिळाले होते ते तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या, वेदनेने तळमळत होते.

या गोष्टीत पारेचा मोठेपणा कशात आहे? तेल संपले हा योगायोग. लेप हा नाइलाज. परंतु सकाळी दोन्ही बाजूंची माणसे शेजारी शेजारी ठेवून त्याने पाहिली, आणि जे दिसले ते ग्रंथाच्या विरुद्ध असूनही खरे मानले. पुन्हा उकळते तेल वापरायचे नाही असे त्याने तिथेच ठरवले. १५४५ साली हे सारे त्याने साध्या फ्रेंच भाषेत छापून टाकले. लॅटिन पंडितांना ते रुचले नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

पुढे त्याने आणखी एक काम केले. हातपाय कापल्यावर वाहणारे रक्त थांबवण्यासाठी तेव्हा लाल तापवलेल्या लोखंडाने डागीत. पारेने तुटलेली रक्तवाहिनी पकडून दोऱ्याने बांधण्याचा मार्ग पुन्हा पुढे आणला. 'पुन्हा' म्हणण्याचे कारण, जुन्या ग्रीक-रोमन वैद्यांना ही युक्ती ठाऊक होती. मधल्या काळात ती मागे पडली होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. त्यातही दहन, म्हणजे डागणे, हा बाकीचे तीन हरल्यावर करायचा शेवटचा उपाय आहे. एकदा कळलेली गोष्ट माणूस विसरतो आणि मग मोठी किंमत मोजून नव्याने शिकतो, हे या इतिहासात पदोपदी दिसेल.

पारेचा दोरा तरी लगेच सर्वत्र रुजला काय? नाही. मांडी कापल्यावर अनेक वाहिन्या एकदम उसळतात. एकेक शोधून बांधेपर्यंत माणूस संपतो. १७१८ साली पॅरिसच्या झाँ लुई पेती याने स्क्रू फिरवून आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, तयार केला. त्याने रक्त तात्पुरते थोपवता येऊ लागले, आणि मग दोरा बांधायला सवड मिळाली.

इथवर झगडा रक्ताशी होता. घड्याळाशी झगडा सुरू केला तो दोमिनिक लारे याने. १७९२ साली तो फ्रेंच क्रांतीच्या सैन्याबरोबर ऱ्हाइन नदीकाठी होता. तेव्हाचा रिवाज असा, की उपचाराच्या गाड्या लढाईपासून लांब मागे ठेवायच्या आणि लढाई आटोपली की जखमी उचलायचे. तोवर चोवीस तासही जात. लारेने पाहिले की घोड्यांच्या हलक्या तोफा रणांगणावर हव्या तिथे झपाट्याने फिरतात. तोफ जाते, तर वैद्य का जाऊ नये? त्याने दोन चाकांच्या, दोन घोड्यांच्या, टपाच्या हलक्या गाड्या बनवून घेतल्या. त्यांना नाव पडले 'उडत्या अँब्युलन्स'. १७९७ च्या इटलीच्या मोहिमेत त्यांची रीतसर पथके उभी राहिली. जखमींना आत आणल्यावर आधी कोणाला हात लावायचा? लारेचा नियम: ज्याची जखम गंभीर, तो आधी. तो सरदार आहे की साधा शिपाई, आपला आहे की शत्रूचा, हे पाहायचे नाही. हा नियम आज साऱ्या जगात अपघात-विभागाच्या दारावर पाळला जातो. नेपोलियनच्या लढायांतून मानवजातीला मिळालेली ही एक चांगली देणगी म्हणायची. अशा देणग्या फार थोड्या!

आता एकदम पहिल्या महायुद्धाकडे येऊ, कारण आपल्या कथेची गाठ तिथे आहे. तोवर भूल आली होती, जंतू ठाऊक झाले होते. तरीही फ्रान्समधल्या खंदकांतून आणलेली कितीतरी माणसे टेबलावर घेण्याआधीच पांढरीफटक पडत, घामाने थंड होत, नाडी लागेनाशी होई आणि ती मरत. डॉक्टर याला 'शॉक' म्हणत. आपण रोजच्या बोलण्यात 'शॉक बसला' म्हणतो तो नव्हे. शरीरातले रक्ताभिसरणच कोसळते तो हा शॉक. १९१७ साली हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन त्याचा अभ्यास करायला फ्रान्समध्ये आघाडीजवळ आले.

त्याच वर्षी कांब्रेच्या लढाईत अमेरिकन डॉक्टर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी एक धाडस केले. रक्तगट १९०१ साली लांडश्टायनरने शोधले होते. सायट्रेट घातले की बाहेर काढलेले रक्त गोठत नाही हे १९१४ साली कळले होते. साखर घातली तर ते बरेच दिवस टिकते हे १९१६ साली. रॉबर्टसन यांनी या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. कोणालाही चालेल अशा ओ गटाचे रक्त आधीच घेऊन बाटल्यांत भरले, बर्फाच्या पेटीत ठेवले आणि आघाडीवर नेले. जगातली पहिली रक्तपेढी ती हीच.

आणि कॅनन? १९१८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक इशारा लिहून ठेवला. शरीराच्या आत रक्त वाहते आहे आणि शस्त्रवैद्य अजून ते थांबवायला तयार नाही, अशा वेळी शिरेतून द्रव भरभरून देऊन रक्तदाब वर चढवला, तर जे रक्त जखमीला हवे आहे तेच वाहून जाईल. घरातला फुटलेला नळ डोळ्यांपुढे आणा. नळ फुटला तर प्लंबर येईतो आपण टाकीचा जोर वाढवतो का? शिवाय दाब कमी झाला की फुटलेल्या जागी रक्ताची एक कच्ची गुठळी धरते. दाब वाढला की ती उडते. इतकी साधी गोष्ट. ती तिथे लिहून ठेवलेली होती, आणि शहात्तर वर्षे तशीच पडून राहिली.

ती कशी, हे सांगण्यापूर्वी थोडे आपल्या माणसांकडे वळू. १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शस्त्रवैद्याने माद्रिदमध्ये रक्ताच्या बाटल्या मोटारीतून आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभारली. जखमीने रक्तापर्यंत येण्याऐवजी रक्तानेच जखमीपर्यंत जायचे. दोन वर्षांनी बेथ्यून चीनमध्ये गेले, आणि त्याच १९३८ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर चीनकडे निघाले. राष्ट्रीय सभेने पाठवलेल्या त्या पथकात अटल, मुखर्जी, बसू, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जंतू रक्तात गेले, झालं! जखमी शिपायाच्या अंगातली घाण त्यांच्या अंगात आली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाची धुरा १९४१ साली कोटणीसांकडे आली, आणि १९४२ च्या डिसेंबरात कोटणीसही गेले. वय अवघे बत्तीस. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर झाले हे खरे. पण चित्रपटातल्या त्यागापलीकडे त्यांचे रोजचे काम पाहावे असे मला वाटते. डोंगरी मुलुखात, लढाईच्या अगदी जवळ राहून, जखमी लवकरात लवकर टेबलावर घ्यायचा, हे ते काम. लारेचीच परंपरा ती.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर सलाईन स्वस्त आणि मुबलक झाले. मिठाच्या पाण्याची बाटली टांगणे म्हणजेच उपचार, असे समीकरण बनले. (आपल्याकडे नाही का, 'सलाईन लावलं' म्हटल्याशिवाय नातेवाइकांचे समाधान होत नाही!) रक्तदाब खाली दिसला की दोन्ही हातांतून सलाईन सोडा, ही शिकवण साऱ्या जगात गिरवली गेली. अँब्युलन्समध्ये ती, अपघात-विभागात ती. कॅननचा इशारा कोणाला आठवत नव्हता.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात काही डॉक्टरांनी या शिकवणीची परीक्षा घ्यायचे ठरवले. छातीत वा पोटात गोळी किंवा सुरा लागून रक्तदाब उतरलेले ५९८ रुग्ण त्यांनी घेतले. एके दिवशी येणाऱ्यांना रिवाजाप्रमाणे लगेच सलाईन, दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेपर्यंत जवळजवळ काहीच नाही. १९९४ साली निकाल छापून आला. लगेच सलाईन दिलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, थांबवून ठेवलेल्यांपैकी ७० टक्के. शंभरामागे आठ माणसे! पारेला रात्रभर झोप लागली नव्हती. इथे तर कित्येक वर्षे सारे जण स्वस्थ झोपले होते. हा निकाल वार-गोळीच्या जखमांपुरता आहे, मुका मार किंवा डोक्याची दुखापत यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

डोक्याच्या दुखापतीची कथा तर याहून कडू आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ जखमींना स्टेरॉइड देत. विचार अगदी सयुक्तिक वाटावा असा: सूज आहे, स्टेरॉइड सूज कमी करते, म्हणून द्यावे. लंडनहून चाललेल्या 'क्रॅश' नावाच्या मोठ्या चाचणीत दहा हजार आठ रुग्णांवर हे पडताळून पाहिले. कोणाला औषध आणि कोणाला नुसते पाणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. २००४ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के मेले. न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. तीस वर्षांत या औषधाने जगभर किती माणसे गेली असतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

पण याच मंडळींनी पुढे जे केले, त्याने मनाला थोडा दिलासा मिळतो. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचे एक औषध शोधले होते. रक्ताची धरलेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवू लागते, ते विरघळणे हे औषध रोखते. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात, त्यांच्यावर याची चाचणी व्हावी असे उताकोबाईंना फार वाटे. पण त्यांना स्थानिक डॉक्टरांचे मन वळवता आले नाही. औषध दातांच्या आणि इतर लहानसहान कामांत वापरले जाऊ लागले, आणि दशके लोटली.

मग 'क्रॅश'च्या दुसऱ्या चाचणीत ते अपघाताच्या जखमींना देऊन पाहिले. ४० देश, २७४ इस्पितळे, २०,२११ रुग्ण. त्यांत भारतातल्या इस्पितळांचा वाटा मोठा होता. २०१० साली निकाल आला: औषधाविना १६ टक्के मृत्यू, औषधाने साडेचौदा. दीड टक्का म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु औषध स्वस्त, द्यायला सोपे, आणि जगात जखमी लाखांनी. पुढच्या वर्षी याच आकड्यांतून घड्याळ बाहेर आले. जखम झाल्यापासून पहिल्या तासात औषध दिले तर फायदा सर्वांत मोठा. तीन तासांपर्यंत फायदा. तीन तासांनंतर दिले तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढलेले! तेच औषध, तीच मात्रा. बदलला तो फक्त वेळ. बाळंतिणींवरची चाचणीही शेवटी झाली आणि तिथेही औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू घटलेले दिसले. तो निकाल २०१७ च्या एप्रिलमध्ये छापला गेला. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या होत्या.

जाता जाता एक गंमत सांगतो. 'गोल्डन अवर', म्हणजे पहिला सोन्यासारखा तास, हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. बाल्टिमोरचे सर्जन ॲडम्स काउली यांनी तो रूढ केला. पण नेमकी साठच मिनिटे कशावरून, हे शोधायला अभ्यासक बसले तेव्हा २००१ साली त्यांना त्यामागे पक्का पुरावा सापडला नाही. लवकर पोचणे चांगले, यात वाद नाही. साठाव्या मिनिटाला दार बंद होते, हे मात्र कोणी मोजलेले नव्हते. पेतीच्या पट्ट्याचेही असेच झाले. पट्टा आवळला की पाय जातो, म्हणून तो मध्यंतरी बदनाम झाला होता. इराकच्या युद्धात बगदादच्या एका लष्करी इस्पितळात २३२ जखमींची नोंद ठेवली. शॉक येण्याआधी पट्टा बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, शॉक आल्यावर बांधलेल्यांपैकी अवघे दहा. पट्ट्यामुळे पाय गमावावा लागला, असे एकही उदाहरण आढळले नाही. हे छापून आले २००९ साली, पेतीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी.

आता आपल्या रस्त्यावर परत या. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांचे घड्याळ कुठे अडते? पुष्कळदा त्या मागच्या शहाण्याच्या वाक्यापाशी: "पोलीस केस आहे." हे वाक्य हवेतून आलेले नाही. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली; त्याला जवळच्या इस्पितळात नेले तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, असल्या केसेस आमच्याकडे नाहीत, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. वाटेतच तो मेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले: डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणे आधी, पोलिसांचे कागद मागून.

डॉक्टरांचा प्रश्न सुटला, तरी उचलणाऱ्याची भीती राहिलीच. साक्षीला खेटे घालावे लागतील, उद्या आपल्यावरच ठपका येईल! तिचा बंदोबस्त व्हायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

तेव्हा गर्दीतून ते वाक्य पुन्हा ऐकू आले, तर त्या गृहस्थांना हे कलम सांगा आणि १०८ नंबर फिरवायला लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात त्या नंबरावर मोफत अँब्युलन्स येते. तांब्या बाजूला ठेवायला सांगा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडातले पाणी श्वासनलिकेत जाते. आणि तुम्ही स्वतः एखादे स्वच्छ फडके, नसले तर उपरणे किंवा ओढणी, वाहत्या जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा. रक्त थांबले का हे पाहायला मधूनमधून उचलू नका. गाडी येईपर्यंत तसेच दाबून ठेवा.